तिरक्या पाइपाची गोष्ट: परांची, किल्लारी आणि आमच्या घराचं प्लास्टर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तिथे थोडं सरळ केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकून काही जण पुढचा भाग लावतील, तरी सांगतो. आज आपण बोलणार आहोत परांचीच्या तिरक्या पाइपाबद्दल. इमारतीचं काम चालू असतं तेव्हा बाहेरून लोखंडी चौकटी उभ्या केलेल्या दिसतात ना? दोन चौकटींच्या मध्ये इंग्रजी एक्ससारखे दोन बारके पाइप असतात. त्याला साइटवर क्रॉस म्हणतात, क्रॉस ब्रेसिंग म्हणतात, आमचे मामा कैची म्हणतात. कारण ते दोन पाइप मधोमध एका रिव्हेटने खिळलेले असतात आणि कैचीसारखे उघडतात, मिटतात.

मी सॉफ्टवेअरवाला. बीटेक झालं, पोटापाण्याला पुण्यात, गाव सेनगाव, जिल्हा हिंगोली. मग हा विषय माझ्याकडे कसा आला? तर त्याची सुरुवात आमच्या अंगणात झाली.

"ढकल बरं एका हातानं"

दिवाळीच्या आधी आमच्या घराच्या वरच्या मजल्याचं बाहेरून प्लास्टर काढलं होतं. मामा मिस्त्री आहेत, तीस वर्षं हेच काम. चौकटी भाड्याने आणल्या, दोन थर चढवले, फळ्या टाकल्या. सकाळी साडेनऊला मामा आले, खालून वरपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाले, "उतरा खाली सगळे."

झालं असं होतं की एका कैचीच्या टोकाचं लॉक तुटलेलं होतं. पोरांनी तिथे बाइंडिंग वायरचे दोन वेढे मारून दिले होते. मी वैतागलो. चार माणसांची हजेरी चालू होती, मला सोमवारी पुण्यात ऑफिस होतं. मी म्हणालो, "मामा, एवढ्या टोकांपैकी एकच तर आहे. बाकी सगळी पक्की आहेत. एकानं काय होतंय?"

मामा काही बोलले नाहीत. बाजूला दोन चौकटी शिल्लक होत्या, त्या उभ्या केल्या. एकाच बाजूने एक कैची लावली. मग कैचीची वरची दोन्ही टोकं पिनेतून काढली आणि मला म्हणाले, "काय रे इंजिनिअर, ढकल बरं एका हातानं."

मी ढकललं. दोन्ही चौकटी पत्त्यांसारख्या कलल्या. मामांनी त्या धरल्या, टोकं परत पिनेत घातली, लॉक पाडलं. "आता ढकल." अंगाचा जोर लावला तरी जागची हलली नाही.

"मग एकच टोक सुटलं तर पडत नाही ना?" मी अजून हट्ट सोडला नव्हता.

"नाही पडत," मामा म्हणाले. "एक सुटलं की त्याचा भार दुसऱ्यावर जातो. पण दुसरं कवा सुटलं ते कुणी बघत नाही. काहून की पहिलं सुटलं तवा काहीच झालं नव्हतं."

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे लगेच समजेल. दोन सर्व्हर ठेवलेत, एक बंद पडलाय, पण वेबसाइट चालू आहे म्हणून कुणी बघतच नाही. मग ज्या दिवशी दुसरा पडतो, त्या दिवशी सगळे म्हणतात, अचानक कसं झालं? अचानक नसतं झालेलं.

त्या दिवशी प्लास्टर दुपारी सुरू झालं. मी मात्र फोन काढून वाचत बसलो, तो आजतागायत वाचतोय.

चौकोन का कोलमडतो?

आधी मूळ मुद्दा. गोठ्याचं लाकडी फाटक आठवा. चार पट्ट्यांचा चौकोन केला तर वर्षभरात ते खाली लोंबायला लागतं आणि जमिनीला घासतं. मग सुतार काय करतो? एक पट्टी तिरकी ठोकतो. फाटक पुन्हा कधी लोंबत नाही. चौकोनाच्या बाजूंची लांबी तीच ठेवूनसुद्धा त्याचे कोन बदलता येतात. त्रिकोणाचे येत नाहीत. त्रिकोण वाकडा करायचा तर एखादी बाजू लांब किंवा आखूडच व्हावी लागते, आणि लोखंडी पाइप इतक्या सहज लांब-आखूड होत नाही.

परांचीची चौकट स्वतःच्या पातळीत मजबूत असते, कारण ती कारखान्यात वेल्ड करून आलेली असते. पण दोन चौकटी शेजारी उभ्या केल्या तर त्यांची अवस्था टेबलावर उभ्या ठेवलेल्या दोन पुस्तकांसारखी. मधली कैची त्यांना धरून ठेवते.

कैचीचं दुसरं काम तर आणखी महत्त्वाचं आहे. लांब काडी वरून दाबली की मधेच फुगते, वाकते. तीच काडी अर्धी करून दाबा, सहज वाकत नाही. ऑयलर नावाच्या गणितज्ञाने १८व्या शतकातच याचं सूत्र मांडलं. उंच बारीक खांब किती भाराला वाकेल, हे त्याच्या मोकळ्या लांबीच्या वर्गावर अवलंबून असतं. म्हणजे मोकळी लांबी दुप्पट झाली तर ताकद निम्मी होत नाही, पावच राहते. कैची चौकटीच्या पायांना ठरावीक अंतरावर धरते आणि मोकळी लांबी कमी ठेवते. एका थराची कैची काढली तर तिथल्या पायाची मोकळी लांबी साधारण दुप्पट होते. वर माणसं तेवढीच, सिमेंटची घमेली तेवढीच, पण खालचा पाय हिशेबाने चौथाईच ताकदीचा. दिसायला काहीही बदललेलं नसतं.

मंगळवेढ्याची भिंत

आता इतिहासात जाऊ. आणि त्यासाठी सेनगावहून फार लांब जायचं नाही. आमच्या जवळच नर्सी आहे, नर्सी नामदेव. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून लोक तिथे दर्शनाला येतात.

नामदेवांचे सोबती चोखामेळा. राहणार मंगळवेढ्याचे, आजचा सोलापूर जिल्हा. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाच्या भिंतीचं काम चाललं होतं. कामाला माणसं लावली होती, त्यांत चोखोबाही होते. काम चालू असतानाच भिंत कोसळली आणि मजूर खाली गाडले गेले. चोखोबा त्यातच गेले.

पुढची गोष्ट वारकरी परंपरा सांगते. नामदेव मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात अनेकांच्या अस्थी एकत्र झाल्या होत्या. ज्या अस्थींतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं त्या चोखोबांच्या, असं ओळखून नामदेवांनी त्या पंढरपूरला आणल्या. आज विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. ज्यांना आयुष्यभर देवळाच्या आत घेतलं नाही, त्यांची.

मी ही गोष्ट शाळेत भक्तीची गोष्ट म्हणून ऐकली होती. मामांच्या त्या प्रसंगानंतर ती मला पहिल्यांदा साइटवरच्या अपघाताची गोष्ट म्हणून ऐकू आली. बांधकाम चालू असताना भिंत कोसळते आणि मजूर मरतात. त्यातल्या एकाचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण ते अभंग रचत होते आणि त्यांच्यासाठी कुणीतरी एवढ्या लांबून आलं. त्याच ढिगाऱ्याखाली गेलेल्या बाकीच्यांची नावं कुणाला माहीत आहेत?

परांचीशिवाय आणि परांचीवर

आपल्या मराठवाड्यात एक भन्नाट वास्तू आहे जिला उंच परांची बांधत न्यावी लागली नाही. वेरूळचं कैलास लेणं. ८व्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं. डोंगर वरून खाली कोरत आले. म्हणजे शिखर आधी, पाया नंतर. कारागीर उभा राहायचा तो डोंगरावरच, आणि काम जसं खाली जाईल तसा तोही खाली.

पण सगळ्यांनाच डोंगर मिळत नाही. दगडावर दगड चढवायचा तर माणसाला उंच उभं राहायला जागा लागते. आमच्या जिल्ह्यातलं औंढा नागनाथ बघा. खालचा भाग काळ्या दगडाचा, बारीक कोरीव कामाचा, यादवकाळातला. वरचं शिखर नंतरच्या काळातलं, वेगळ्या धाटणीचं, पांढरं. या जीर्णोद्धाराचं श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिलं जातं. ते शिखर चढवायला माणसं कशावर तरी उभी होतीच. पण परांचीचं दुर्दैव असं की काम झालं की ती सोडून टाकतात. देऊळ राहतं, परांचीचा मागमूस राहत नाही. म्हणून तिचा इतिहास फारसा कुणी लिहीत नाही.

शेकडो वर्षं आपली परांची म्हणजे बांबू, बल्ल्या आणि काथ्याची दोरी. अजूनही गावोगावी दिसते. तिथेही जाणता माणूस उभ्या-आडव्या बांबूंवर एक लांब बांबू तिरका बांधतोच. त्याने ऑयलर वाचलेला नसतो. त्याने हलणारी परांची पाहिलेली असते.

३० सप्टेंबर १९९३

तिरक्या आधाराचा सगळ्यात महागडा धडा मात्र मराठवाड्याने घरात शिकला, साइटवर नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. पहाटे चार वाजायला काही मिनिटं असताना किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळपास आठ हजार माणसं गेली. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. आमची आजी सांगायची की इकडेसुद्धा मांडणीवरची भांडी वाजली होती.

तिथली घरं माळवदाची. मराठवाड्यात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना माळवद माहीत असेल. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर लाकडाच्या किलच्या आणि वर मातीचा जाड थर, कधी कधी दोन फुटांपर्यंत. बाजूने दगड-मातीच्या रुंद भिंती. उन्हाळ्यात गारेगार. पण भूकंपात त्याच भिंती सुटल्या आणि वरचं मातीचं वजन खाली आलं.

नंतर सरकारने उरलेली जुनी घरं मजबूत करायच्या सूचना काढल्या. छतावरची माती कमी करा, भिंतीच्या दोन थरांना जोडणारे आरपार दगड घाला, भिंतीला वरून पट्टा बांधा. आणि त्यांतच एक सूचना होती, लाकडी खांब आणि तुळई जिथे मिळतात त्या कोपऱ्यात तिरके आधार ठोका. कारण जुन्या सांगाड्यात सगळं उभं आणि आडवं होतं, तिरकं काहीच नव्हतं. रोजचा भार सरळ वरून खाली येतो, तो उभा खांब घेतो. धक्का बाजूने आला की मग तिरकं लाकूड आहे की नाही हे कळतं.

नुसत्या तिरक्या लाकडाने आठ हजार जीव वाचले असते असं मी म्हणत नाही. मुख्य घात दगडी भिंतींनी केला. पण फाटक, माळवद आणि परांची, तिन्हींना तोच नियम लागू आहे.

दोरीकडून पाइपाकडे

परदेशातही २०व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लाकूड आणि दोरीच होती. लंडनमध्ये पामर-जोन्स यांनी दोरीऐवजी लोखंडी बांधणी आणली. १९१३ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या कामात ती वापरली गेली आणि तिचा बोलबाला झाला. १९१९ मध्ये त्यांचा सुधारलेला क्लॅम्प आला, दोन पाइप काटकोनात पकडणारा. आजही साइटवर जो क्लॅम्प आपण पान्याने आवळतो, तो त्याच घराण्यातला.

पण पाइप आणि क्लॅम्पने परांची बांधायला कसबी माणूस लागतो. प्रत्येक कोन हाताने जुळवायचा, प्रत्येक नट आवळायचा. मग १९३०च्या दशकात अमेरिकेत तयार चौकटींची पद्धत पसरली. चौकट कारखान्यात वेल्ड करा, साइटवर फक्त एकावर एक चढवा. आणि मध्ये कैची.

इथे एक हुशारी आहे जी मला फार आवडली. कैचीच्या पाइपांची लांबी आणि चौकटीवरच्या पिनांमधलं अंतर आधीच ठरलेलं असतं. त्यामुळे कैची बसवली की चौकटी आपोआप काटकोनात येतात. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांत हे शब्दांत लिहून ठेवलंय, की कैचीची लांबी अशी हवी की परांची आपोआप काटकोनात, ओळंब्यात आणि समपातळीत राहील. आणि त्याला जोडूनच पुढचं छोटं वाक्य, कैचीची सगळी जोडणी पक्की केलेली हवी. सगळी. बहुतेक असं नाही म्हटलेलं.

म्हणजे पूर्वी जे कसब कारागिराच्या हातात होतं, ते कारखान्यात गेलं. साइटवरच्या माणसाकडे उरली एक छोटी कृती. टोक पिनेत घाल आणि लॉक पाड. काम सोपं झालं, आणि सोपं झालं म्हणूनच ते कुणालाही सांगता येतं, घाईत करता येतं, आणि विसरता येतं.

कागदावरचे नियम

२७ एप्रिल १९७८ रोजी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड इथे वीजकेंद्राच्या कूलिंग टॉवरचं काम चालू होतं. परांची टॉवरच्या काँक्रीटलाच जोडलेली, आणि ते काँक्रीट आदल्या दिवशीचं, पुरतं घट्ट न झालेलं. ते सुटलं आणि परांचीसकट ५१ कामगार खाली आले. एकही वाचला नाही. तिथे दोष कैचीचा नव्हता, पण धडा तोच आहे. परांची ज्याला धरून आहे, ते पक्कं आहे का?

आपल्याकडे नियम नाहीत असं अजिबात नाही. लोखंडी परांचीचं भारतीय मानक, आयएस २७५०, १९६४ पासून आहे. पाइपाच्या परांचीची कार्यपद्धती, आयएस ४०१४, १९६७ पासून. सुरक्षिततेसाठी आयएस ३६९६. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा आला. त्यासोबतच्या उपकर कायद्याने बांधकामाच्या खर्चाच्या एक टक्का रक्कम कामगार कल्याणासाठी घ्यायला सुरुवात झाली. आपल्या राज्यात बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ आहे, तिथे नोंदणी केली तर अपघात, शिक्षण, आजारपण यांसाठी मदत मिळते. तुमच्या घरात, गल्लीत कुणी मिस्त्री, बिगारी असेल तर त्यांची नोंदणी झालीय का, एवढं विचारा. फॉर्म ऑनलाइन भरता येतो, आणि आपल्यासारख्यांना त्याला अर्धा तासही लागत नाही.

कैची नीट कशी लावतात

आता कामाचं. मामांकडून शिकलेलं आणि नियमांत वाचलेलं, दोन्ही मिळून सांगतो.

परांची काळ्या मातीवर थेट उभी करायची नाही. आमच्या भागातली माती ओली झाली की पाय आत जातो. खाली जाड फळी, फळीवर बेस जॅक, मग चौकट. पहिल्या थरालाच ओळंबा आणि लेव्हल लावायची. खाली बोटभर फरक असेल तर वर हातभर होतो.

दोन चौकटी उभ्या राहिल्या की लगेच कैची, आणि दोन्ही अंगांनी, भिंतीकडूनही आणि बाहेरूनही. चारही टोकं पिनेत पूर्ण आत गेली पाहिजेत. मग लॉक. काही पिनांना पडणारी कडी असते, ती स्वतःच्या वजनाने खाली पडते. काहींना उलटणारी जीभ असते, काहींना पंखाचा नट. प्रकार कुठलाही असो, कान देऊन आवाज ऐका आणि हाताने ओढून बघा. मामा प्रत्येक टोक ओढून बघतात. कैची बसत नसेल तर हातोडा मारून बसवायची नाही. ती बसत नाही याचा अर्थ चौकट तिरकी उभी आहे. ती तुम्हाला चूक सांगतेय.

कडी गंजली, जीभ तुटली, पाइप वाकला, तर तो तुकडा बाजूला. तार, खिळा, सुतळी चालणार नाही. वरचा थर चढवताना जॉइंट पिन घालायची. उंची वाढली की भिंतीला बांधायचं. अमेरिकी नियमात प्रमाण आहे, रुंदीच्या चौपटीपेक्षा उंच गेलात की आधार घ्या. म्हणजे चौकट चार फूट रुंद असेल तर सोळा फुटांच्या वर भिंतीला बांधल्याशिवाय जायचं नाही. आणि कैचीवर पाय देऊन चढायचं नाही, शिडी लावायची. कैची पाय ठेवायला केलेली नाही. वजनाने ती वाकते आणि टोक पिनेतून सरकतं.

शेवटचं, आणि सगळ्यात जास्त मोडलं जाणारं. जायला-यायला अडतं म्हणून कैची काढायची नाही.

मामांचा हात

हे शेवटचं वाक्य सांगताना मामा थांबले होते. संध्याकाळ झाली होती, माणसं हातपाय धूत होती. मामांचा डावा हात मनगटात पूर्ण वाकत नाही. लहानपणापासून बघतोय. आम्हाला वाटायचं जन्मापासूनच असेल. कधी विचारलंच नाही.

त्या दिवशी कळलं. मी शाळेतही नव्हतो तेव्हा मामा कामाला पुण्याला होते. एका मोठ्या साइटवर घमेली न्यायला वाट हवी म्हणून कुणीतरी खालच्या थराची आतली कैची काढली. जेवणानंतर परत लावू म्हणाले. लावली नाही. संध्याकाळपर्यंत काहीच झालं नाही, म्हणून सगळे विसरले. मामा तिसऱ्या थरावर होते.

"नशीब, खाली वाळू होती," एवढंच म्हणाले. पुढचे आठ महिने ते सेनगावात बसून होते, आणि त्या काळात घर मामीने दुसऱ्यांच्या रानात जाऊन चालवलं. हेही मला त्याच दिवशी कळलं.

मी विचारलं, "कैची कुणी काढली होती?"

मामा बराच वेळ समोरच्या परांचीकडे बघत होते. मग म्हणाले, "मीच."

मंडळी, मी सकाळी त्यांनाच विचारत होतो, एकानं काय होतंय.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या दुकानातून नवी कैची आणली. पोरगं ती लावत होतं, मी खाली उभा होतो. त्याने चारही टोकं बसवली, लॉक पाडली आणि उतरायला लागला. मामा काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "थांब, ओढून बघ."

पुढच्या भागात भेटू. तुमच्या गावात बांबूची परांची बांधणारं कुणी असेल तर त्यांच्याकडून गाठ कशी मारतात ते विचारून मला नक्की सांगा. तोवर ऐकत राहा, आणि साइटखालून जाताना एकदा वर बघत जा.